बिनजाळाचा डबा

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार

निवृत्त होऊन आज पाचवा दिवस. अच्छाडच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं ट्रक तोलले. निरोपाला शेठने शाल, नारळ आणि ही डायरी दिली. डायरी याच वर्षाची, म्हणजे दोन महिन्यांत संपणारी. शेठचा स्वभाव शेवटपर्यंत बदलला नाही. सोबत स्वयंपाकघरात वापरायचा एक चपटा इलेक्ट्रॉनिक काटा दिला. "सुनिलभाई, आता घरचा माल तोला," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो.

काट्यावर बसणाऱ्या माणसाला एक खोड लागते. ट्रकवाला चलनावर काय लिहून आणतो ते आम्ही वाचतो, पण विश्वास टायरवर ठेवतो. टायर दबला असेल तर आत काहीतरी जास्त आहे. आता तळासरीच्या या दोन खोल्यांत दिवसभर बसलोय तर नजर तीच आहे, फक्त ट्रक नाहीत.

आज नजरेत आलं ते असं. दोन वर्षांपूर्वी मुलाने, मिथुनने, वापीहून मायक्रोवेव्ह आणून दिला होता. योगिताने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. "त्या पेटीत शिजलेलं माणसाने खाऊ नये," असं ती सगळ्यांना सांगायची. आज पाहतो तर कपडे कपाटात आणि पेटी चालू. बाजूला प्लास्टिकच्या नव्या भांड्यांची चळत: झाकणाला भोक असलेलं भाताचं भांडं, जाळीचं वाफेचं भांडं, दोरी ओढली की आतली पाती फिरतात असा चॉपर आणि पात्यांचा एक स्लायसर. विळी भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर धूळ.

"हे केव्हा आणलंस?"

"झाले दोन महिने."

दोन महिने! मी रोज सकाळी डबा घेऊन जात होतो आणि मला पत्ता नाही. वर विचारलं तर म्हणते, "तुम्ही घरात होतात कुठे?"

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस नीट पाहिलं. घरात दोन स्वयंपाक होतात. माझा गॅसवर: डाळ, भात, भाजी, नागलीची भाकर. दुसरा त्या पेटीत. माझी भाजी आठ वाजताच तयार असते, मग साडेनऊला ती पुन्हा दुधी नाहीतर भोपळा घेऊन स्लायसरवर बसते. फोडी इतक्या पातळ की पलीकडचं दिसेल. त्या वाफवायच्या, मग चॉपरमध्ये घालून दोरी ओढत राहायचं. अकराला पिशवी भरायची, निघायचं. तीनला परत.

"कुठे जातेस?"

"भजनाला."

भजनाला टाळ नेतात, डबे नव्हे. आणि आमच्या नाक्यावरचं भजन संध्याकाळी असतं हे मला माहीत आहे, कारण त्याचा आवाज मला सहन होत नाही.

आज त्या पेटीतल्या भांड्यात मी चमचा घातला. नुसती चव बघायला. तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला. "ते तुमचं नाही."

"मग कोणाचं?"

"भजनातल्या बायकांचं."

माझ्या घरातलं, माझ्या विजेवर शिजलेलं, आणि ते माझं नाही. चमच्याला लागलं होतं ते मी चाटून पाहिलंच. मीठ कमी, मिरची नाही, दातांना काही कामच नाही. भजनातल्या सगळ्या बायकांचे दात पडलेत की काय!

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात कमळी दिसली. लाहूची मुलगी. लाहू माझा धाकटा भाऊ. त्या घराचा विषय या वहीत आणायचा नव्हता, पण आता नाव आलंच आहे तर लिहून टाकतो.

बारा वर्षांपूर्वी लाहू आमच्या पाड्यावरच्या सुक्या गवताचा टेम्पो घेऊन माझ्या काट्यावर आला. वजन नेहमीपेक्षा बरंच जास्त भरलं. मी जाऊन गवतात हात घातला तर ओलं. चार ट्रकवाले आणि गवताचा व्यापारी उभे होते. मी म्हणालो, "पाणी मारून आणलंय." लाहू म्हणाला, "दादा, दहिवर हाय, पहाटे भरलाय टेम्पो." म्हणजे दव पडलंय, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, काटा भाऊबीऊ ओळखत नाही. व्यापाऱ्याने त्या दिवसापासून आमच्या पाड्याचं गवत घेणं सोडलं. पाड्याने लाहूला बोल लावला आणि लाहूने मला.

त्याच वर्षी नवं भात घरात आलं तेव्हा आम्ही दोघांनी ते ओंजळीत घेऊन भगतासमोर कणसरीची शपथ घेतली. तुझ्या चुलीवर शिजलेलं माझ्या तोंडी जाणार नाही, माझ्या चुलीवरचं तुझ्या तोंडी जाणार नाही. कणसरी धान्याची देवी. तिच्या शपथेला आमच्यात कोणी हात लावत नाही, कणगी रिकामी होते. मी शिकलेला माणूस आहे, पण मीसुद्धा लावणार नाही.

श्रावणात लाहूला लकव्याचा झटका आला असं कानावर आलं. त्याची बायको पाच वर्षांपूर्वीच गेली. कमळी कंपनीत सकाळच्या पाळीला जाते. मी बघायला गेलो नाही. ज्याच्या घरचा घास चालत नाही त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं कोणत्या तोंडाने?

तर कमळी आज स्वतःहून थांबली आणि म्हणाली, "मोठा बाबा, मोठी आय बरी हाय ना?" बारा वर्षं येणंजाणं नाही, आणि हिला माझ्या बायकोची चौकशी. मी मान हलवली आणि पुढे गेलो. या मुलीच्या मनात काहीतरी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी पिशवी तोलली.

लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. योगिता आंघोळीला गेली तेव्हा पिशवी शेठने दिलेल्या काट्यावर ठेवली. भरलं वजन दोन किलो तीनशे दहा ग्रॅम. ती परत आल्यावर हातपाय धुवायला गेली, तेव्हा खाली, म्हणजे रिकाम्या डब्यांसकट पिशवीचं, वजन घेतलं: नऊशे चाळीस. म्हणजे एक किलो तीनशे सत्तर ग्रॅम माल कुठेतरी उतरला.

मी स्वतः एका वेळेला सहाशे ग्रॅमच्या वर खात नाही, हेही आजच तोलून पाहिलं. मग हा एवढं रिचवणारा कोण? बायकांचं जेवण इतकं नसतं. पुरुष आहे, आणि चांगला धडधाकट आहे. मिरची खात नाही, मऊ खातो, आयतं खातो आणि दुपारी अकरा ते तीन मोकळा असतो.

मला एकच उत्तर सुचतं: बुवा. वापीकडून एक आलाय म्हणतात, हायवेच्या पलीकडे मठ बांधतोय.

दुसरंही एक उत्तर सुचलं होतं. तेही लिहितो, नाहीतर या वहीचा उपयोग काय. योगिता चोपन्न वर्षांची आहे, माझ्याशी आजवर खोटं बोललेली नाही, आणि तरी माझ्या मनात ते आलं. वहीत लिहिल्यावरही हलकं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पावणेदहाला लाईट गेली. योगिता दुधी चिरून बसली होती. दहा वाजले, सव्वादहा झाले. ती ओट्याला टेकून पंख्याकडे बघत राहिली, फिरतोय का म्हणून.

मी म्हणालो, "गॅस आहे की. ठेव शेगडीवर."

"गॅसवरचं नको."

"का, गॅसला काय धाड भरली? मला रोज घालतेस ना गॅसवरचं?"

"तुम्हाला चालतं."

मी मुद्दाम सिलिंडर हलवून पाहिला. भरलेला. म्हणजे अडचण गॅसची नाही. पावणेअकराला पंखा फिरला आणि ही बाई धावली. एकीकडे पेटी लावली, दुसरीकडे साडीला पिना. स्वतः न जेवता गेली. तीस वर्षांत माझा डबा चुकला तेव्हा इतकी घाई केलेली मला आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल रविवार. ती गेली नाही. मागच्या रविवारीही गेली नव्हती. बुवा रविवारी सुट्टी घेतो काय?

आज डहाणू रोडला गेलो. भांड्यांच्या खोक्यावर दुकानाचं नाव होतं, स्टेशनजवळचं. दुकानात दक्षाबेन म्हणून बाई बसतात. मी गिऱ्हाईक म्हणून शिरलो. स्लायसर हातात घेतला, पात्यावरून बोट फिरवलं, मग हळूच योगिताचं वर्णन केलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"अरे काका, तुमच्या मिसेसने तर माझं डोकं खाल्लं! दुसरे लोक काय विचारते, किती मिनिट लागेल, भांडं फुटेल का. यांचा पहिलाच सवाल, पेटीच्या आत जाळ असतो का? मी म्हटलं, ना बेन, ते विजेवर चालते, आत आग ना होय. तर म्हणे ठिणगी? कोळसा? आत दिवा दिसतो तो कसला? मी म्हटलं बल्ब छे बेन, नुसता बल्ब. तरी दोन वेळा विचारून गेली. पाहिजे तर लिहून देते, म्हटलं तिला."

"आणि मग?"

"मग खुश! सगळ्यात पातळ पातीवाला स्लायसर मागितला. वाफेचं भांडं मागितलं. भांडं कोरं आहे ना, कोणाच्या चुलीवर चढलेलं नाही ना, हे पण विचारलं. आता बोला! प्लास्टिकचं भांडं चुलीवर कोण चढवेल?"

परतीच्या वाटेवर विचार केला. अग्नीचा स्पर्श न झालेलं अन्न मागणारे बुवा असतात, कुठेतरी वाचलंय. सगळं जुळतं. मिरची नाही, आग नाही, भांडं कोरं. आणि माझी बायको त्याची सेवेकरी झाली आहे.

एक गोष्ट जुळत नाही. दक्षाबेनने मला उकडलेलं अंडं कापायची तारांची चौकट विकली. मी का घेतली, देव जाणे. घरी आणल्यावर योगिता ती बघून पहिल्यांदाच हसली. "तुम्हालाही लागलं का वेड?" म्हणाली. बुवाच्या नादी लागलेली बाई असं हसत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काटा एक दिवस बंद ठेवला की कोणता ट्रक कोणत्या आडवाटेने जातो ते कळतं. शेठ हा उपाय वर्षातून एकदा तरी करायचा. आज मी घरात केला.

सकाळी मायक्रोवेव्हची फिरणारी काचेची थाळी काढली आणि माझ्या कपाटात, शालीच्या घडीत ठेवली. पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय, थाळीशिवाय चालवू नये. योगिता पुस्तिका पाळणारी आहे. तिने ओटा पाहिला, मांडणी पाहिली, पलंगाखाली पाहिलं.

"थाळी पाहिलीत का?"

"मला काय ठाऊक? मी स्वयंपाकघरात असतो का?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा विचारेल, नाहीतर मुकाट्याने गॅस पेटवेल. तिने दोन्ही केलं नाही. पिशवीत केळी आणि बिस्किटांचा पुडा टाकला आणि गेली. म्हणजे गॅसवरचं नाहीच चालत त्याला. माझी चाचणी बरोबर ठरली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिला फोन आला. ती दाराबाहेर गेली. मला अर्धंच ऐकू आलं. "ठसका? केवढा वेळ?... निळा पडला होता? देवा!... पाणी नको ग पाजू, आडवं करू नकोस... आता बरं आहे ना? उद्या आणते ग बाय, कसंही करून आणते."

आत आली. जेवली नाही. बिस्किटं मीच ठेवून आले, माझ्याच हाताने, असं काहीतरी पुटपुटत होती.

मी थाळी काढून ओट्यावर ठेवली. तिने कुठे होती ते विचारलं नाही. धुतली, पुसली आणि पेटीत बसवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता "ग बाय" म्हणाली म्हणजे तिकडे एक बाईही आहे. आणि धडधाकट माणूस बिस्किटाने निळा कसा पडतो? माझा हिशेब कुठेतरी चुकतोय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज पाठलाग केला. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ती नाक्यावरून सहा आसनी रिक्षात बसली. मी मोटरसायकलवर, मध्ये एक दुधाची गाडी ठेवून. मठाच्या रस्त्याला रिक्षा वळलीच नाही. ती पूर्वेला निघाली. कॅनॉल ओलांडला, शाळा ओलांडली आणि मोहाच्या झाडाशी डावीकडे वळली. त्या वळणावर माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. तो आमचा पाडा आहे. बारा वर्षं मी त्या रस्त्याला वळलो नव्हतो.

गाडी झाडाखाली लावून चालत गेलो. लाहूच्या अंगणात खाट होती आणि खाटेवर भिंतीला टेकवून कोणीतरी म्हातारा बसवला होता. मी आधी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, तोंड एका बाजूला उतरलेलं, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. योगिता त्याच्यापुढे बुटक्या मोड्यावर बसली होती. हनुवटीखाली फडकं धरून ती त्याला चमच्याने भरवत होती, आणि प्रत्येक घासाला थांबून त्याच्या गळ्याकडे बघत होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी राग आला, हे खरं आहे. मी तसाच अंगणात शिरलो.

"योगिता! कणसरीची शपथ मोडलीस?"

लाहूचं तोंड उघडंच राहिलं. योगिताने आधी त्याचं तोंड पुसलं, मग उठली.

"कुठे मोडली? शपथ कशाची होती? चुलीवर शिजलेल्याची. हे चुलीवर शिजलंय का? याला जाळ लागलाय का? शेगडी नाही, लाकूड नाही, गॅस नाही. लाहूभाऊंनी पहिल्या दिवशी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. अर्ध्या तोंडाने जाळ, जाळ एवढंच म्हणत होते. तुमच्या घरचा जाळ त्यांना नको होता आणि शपथ मोडून तुमच्या कणगीला पाप लावायचं नव्हतं. मी भगताकडे गेले. पेटी कशी चालते ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाळ नाय तर चूल नाय. मग यांनी तोंड उघडलं."

मग मी नको ते बोललो. "आणि रोज जवळजवळ चौदाशे ग्रॅम? एवढं खातो हा?"

"तुम्ही माझी पिशवी तोललीत?"

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. लाहूसुद्धा माझ्याकडे बघत होता.

"पेज असते त्यात," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त पाणी. भाजीसुद्धा पाण्यात कालवावी लागते. घट्ट काही दिलं की घशात अडकतं. कमळी सकाळी भाकर करून ठेवून जायची, हे उपाशी बसायचे. ती भाकर संध्याकाळी तशीच असायची. इथली चूल मी पेटवली असती तर पाडा म्हणाला असता, दोन चुली एक झाल्या, शपथ मोडली. परवा मी केळं कुस्करून दिलं, अर्धं बिस्किट पाण्यात भिजवून दिलं, संध्याकाळी कमळीनेही तसंच दिलं, तरी..." थाळीचा उच्चारही तिने केला नाही.

मी परत फिरलो. दोन वेळा किक मारूनही गाडी चालू होईना, आणि माझ्या पाठीवर दोघांची नजर आहे असं वाटत होतं. प्रत्यक्षात मागे वळून पाहिलं तेव्हा ती त्याला पुढचा घास देत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

कमळी घरी असते म्हणून रविवारी ती जात नाही, हे आता कळलं. दिवसभर आम्ही दोघं घरात होतो. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हो म्हणाला असतात?"

मी विचार केला. नसतो म्हणालो. म्हणजे शपथ मोडत नाही हे पटलं असतं, पण मी दुसरं काहीतरी शोधून काढलं असतं. ते मला येतं.

ती बाहेर गव्हाला ऊन द्यायला गेली तेव्हा मी इथे येऊन बसलो. पेजेचं पाणी मी माणसाची भूक म्हणून मोजलं. एकतीस वर्षं वजनं केलेल्या माणसाने अशी चूक करावी! काटा फक्त सांगतो की जड आहे. पाणी कोणी घातलं, का घातलं, आभाळातून पडलं की बादलीतून, हे काट्याला माहीत नसतं. त्या दिवशी अच्छाडला "पाणी मारलंय" हे काट्याने सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

नोव्हेंबरच होता. पहाटे पाचला भरलेला टेम्पो. आज सकाळी आमच्या गॅलरीतली फडकीसुद्धा ओली होती.

मी मोठा भाऊ होतो आणि चार परक्या माणसांसमोर त्याला चोर म्हणालो. खरं म्हणजे मला त्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं होतं की मी भावालाही सोडत नाही. शेठ जवळच उभा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी योगिता मनगट धरून बसली. लचकलं म्हणे. सूज दिसली नाही, पण हात लावू देईना.

"आज तुम्हीच करा. मी सांगते."

"मी? मला चहासुद्धा येत नाही."

"पेटीला येतो सगळा स्वयंपाक. तुम्ही नुसतं चिरा."

दुधी सोलला. स्लायसरवर घासायला गेलो तर अंगठ्याचं टोकच गेलं. "ते बोट वाचवायचं मूठ असलेलं झाकण असतं ना वर, ते कशाला दिलंय?" ती पलंगावरूनच ओरडली. फोडी तिच्यासारख्या पातळ निघाल्या नाहीत. वाफेच्या भांड्यात खाली पाणी, वर फोडी, चार मिनिटं. उघडून पाहिलं तर कच्च्या. आणखी दोन. मग चॉपरची दोरी. ती ओढता ओढता माझा खांदा भरून आला. ही बाई रोज हे करत होती आणि मी बाजूच्या खोलीत बसून वजनं लिहीत होतो. तांदळाची पेज दोन वेळा उतू गेली, पेटीचा तळ पुसला, तिसऱ्यांदा मध्ये थांबून थांबून लावली तेव्हा जमली.

"आता घेऊन जा."

"तूही चल ना."

"या हाताने रिक्षाची दांडी कशी धरू?"

गेलो. लाहू अंगणातच होता. मला बघून त्याने मान फिरवली नाही, पण चेहऱ्यावर काही दिसलंही नाही. लकव्यामुळे की माझ्यामुळे, सांगता येत नाही. मी मोड्यावर बसलो, डबा उघडला, चमचा भरला. त्याने तोंड मिटून घेतलं.

"जाळ?" त्याने विचारलं. एवढ्या एका शब्दाला त्याला फार वेळ लागला.

"नाही. पेटीतलं आहे. मीच केलंय."

तो माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे बघत राहिला. तोंड उघडेना. चमचा धरून माझा हात अवघडला. मी तो परत डब्यात ठेवला आणि जे बोलायचं होतं ते बोललो. वाटेत चांगली वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही.

"लाहू, ते दहिवरच होतं. पाणी नव्हतं मारलेलं. मला तेव्हाही माहीत होतं."

त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. डाव्यातून तसंही सारखं येत असतं, असं योगिता म्हणाली होती. त्याने चांगला हात उचलला. मला वाटलं, मारतोय. मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने चमच्याकडे बोट केलं.

मी भरवलं. पहिल्या घासाला घाबरलो, गळ्याकडे बघत राहिलो. गेला खाली. दुसरा. चौथ्या घासानंतर त्याने हात वर केला, थांब म्हणून. त्याने सावकाश गिळलं आणि तोंड वेडंवाकडं करत म्हणाला,

"मीठ... नाय."

खरंच घातलं नव्हतं. योगिताने दोनदा सांगितलं होतं, रक्त थांबवण्याच्या गडबडीत राहून गेलं.

"राहिलं रे," मी म्हणालो. "नको खाऊ हवं तर."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. डबा रिकामा होईपर्यंत मी भरवत राहिलो. मी त्याचं तोंड पुसलं, उशी सरळ केली आणि निघालो. मागून हाक आली. बारा वर्षांनी आली, म्हणून आधी कळलंच नाही की मला आहे.

"दादा. उद्या घाल."

घरी आलो तर योगिता दोन्ही हातांनी ओली चादर पिळत होती. मला बघून तिने चादर बादलीत सोडली आणि मनगट धरलं. "अजून ठणकतंय. आठवडाभर तरी लागेल," म्हणाली. मी म्हणालो, लागू दे. मग मीठ कागदाच्या पुडीत बांधलं आणि उद्याच्या पिशवीत आत्ताच ठेवून दिलं.